पडलो होतो, झोपलो नव्हतो

मी दुपारी झोपत नाही. पडतो. आमच्याकडे ही दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि त्यांतला फरक मी बावीस वर्षं सांभाळला. झोपायचं ते रात्री. दिवसाढवळ्या झोपतो तो आजारी तरी असतो, आळशी तरी, नाही तर जावई. बाकीचे पडतात. आमच्या गल्लीतला शिंपी लवंडतो, समोरचा चहावाला कलंडतो, पतसंस्थेतले कारकून टेबलावर डोकं ठेवतात आणि कोपऱ्यावरचे डॉक्टर शिकलेले असल्यामुळे वामकुक्षी घेतात. दीड ते अडीचच्या दरम्यान गल्लीत घोरण्याचे पाच वेगवेगळे आवाज ऐकू येतात. झोपलेलं मात्र कुणीच नसतं.

सांगलीत माझं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळतात. त्यांतली जळकी तांब्याची तार काढायची आणि तेवढेच वेढे मोजून नवी तार भरायची, एवढाच माझा धंदा. वेढ्यांना आम्ही टर्न म्हणतो. सगळा खेळ टर्न मोजण्याचा. कमी भरले की मोटार तापते, जास्त भरले की ओढत नाही. तार गुंडाळायच्या यंत्राला आकडा दाखवणारा काउंटर असतो, पण माझा काउंटर पूर्वी एकदा चुकला, तेव्हापासून मी त्याच्याकडे बघत नाही. मी स्वतः मोठ्यानं मोजतो. मी कधी चुकलो याची कुठेही नोंद नाही. नोंदी मीच ठेवतो.

दुपारच्या पडण्याचा वारसा वडिलांकडून आला. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, औंधजवळ. वडील फौजेतून पेन्शनवर आले ते दुपारचा एक नियम घेऊनच. भाकरी, पिठलं, वर तांब्याभर ताक झालं की सोप्यात घोंगडं टाकायचे, मनगटावरचं घड्याळ काढून छातीवर ठेवायचे आणि बरोबर अर्ध्या तासानं कुणी न उठवता उठायचे. आई म्हणायची, "झोप झाली का?" ते म्हणायचे, "झोप न्हवं, रेस्ट. फौजेत दिवसा झोपला तर चार्ज लागतो. रेस्टला लागत न्हाई." एवढा भेद ज्यांनी जन्मभर पाळला, त्यांचा मी मुलगा.

मी त्यात थोडी सुधारणा केली. अर्धा तास मला ढिला वाटला. पंधरा, वीस, पंचवीस आणि तीस मिनिटं असे प्रत्येकी एक महिना पडून बघितलं आणि पंचवीस मिनिटं हा आकडा कायम केला. दुकानाच्या दारावर पाटी रंगवून घेतली: "दुपारी १.४० ते २.०५ काम बंद." चहावाल्यानं ती पहिल्यांदा वाचली तेव्हा विचारलं, "ही काय एस्टीची टाइम हाय व्हय? आन एस्टी तरी कवा टायमात आली?" पुण्याच्या दुकानदारांच्या दुपारवर आम्ही जन्मभर हसलो, आणि माझ्या पंचवीस मिनिटांवर गल्ली हसते, हे मला अन्यायाचं वाटायचं.

शिवाय मी वही ठेवतो. तारीख, पडलो किती वाजता, उठलो किती वाजता, व्यत्यय. व्यत्ययाच्या रकान्यात कारण लिहायचं. बायको दुकानात माझ्याबरोबरच काम करते. तार भरून झाली की दोऱ्यानं ती घट्ट बांधायची, हे तिचं काम, आणि तिच्यासारखी बांधणी बाजारात कुणाची नाही. ती एकदा वही चाळून म्हणाली, "घोरण्याचा रकाना न्हाई ह्यात." मी म्हटलं, पडलेला माणूस घोरत नाही. ती म्हणाली, "मग मागं कोन मोटार टेस्ट करत हुतं?"

तर गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली.

एका सोमवारी सकाळी जत तालुक्यातले एक मामा पाच हॉर्सपॉवरची जळलेली मोटार घेऊन आले. वय साठीच्या पुढे, डोक्याला लाल पटका, बोलणं कमी. मूळचे मेंढपाळ. एके काळी दीडशे मेंढरं होती, आता चाळीस, आणि दीड एकर डाळिंब. त्यांच्या भागात प्यायचं पाणी टँकरनं येतं, पण हल्ली वर्षातून काही दिवस कालव्याचं पाणी गावच्या ओढ्यात सोडतात. या वेळी सहा दिवस सुटणार होतं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी त्यांची मोटार जळाली. हाताची मूठ थोडी उघडून ते म्हणाले, "फळं लिंबाएवडी झाल्यात. ह्या पान्यावर निघाली तर निघाली. न्हाईतर गळत्यात."

मी म्हटलं, "मामा, हातात दोन कामं आहेत. गुरुवारी सकाळी मोटार घेऊन जा."

त्यांनी बोटं मोजली. गुरुवार म्हणजे पाचवा दिवस. "दोन दिस मिळत्यात," ते म्हणाले. "चालतंय. पर गुरवार म्हंजे गुरवार."

"आकड्याला मी पक्का आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो.

मंगळवारी दुपारी पावणेदोनला त्यांचा फोन आला. काम कुठवर आलं, एवढंच विचारायचं होतं. मी पाच मिनिटांपूर्वी मागच्या कॉटवर पडलो होतो. फोन बायकोनं घेतला. पुढचं संभाषण मला नंतर दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळालं, म्हणून जुळवून लिहितो.

"मालक हायत का?"

"हायत की. पडल्यात."

"पडल्यात? कवा?"

"आत्ताच. पाच मिन्टं झाली आस्तील."

"कुटं पडलं?"

"हितंच, दुकानात. मागच्या अंगाला."

"आरारारा. मंग लागलाय का काय?"

बायकोला वाटलं, डोळा लागलाय का म्हणून विचारतायत. ती म्हणाली, "व्हय, लागलाय की. डोळा लागलाय आत्ताच."

"डोळ्याला?"

त्यांच्याकडे रेंज तुटक. तिला नीट ऐकू आलं नाही. ती आपली म्हणाली, "व्हय, व्हय. उटवू का?"

"न्हाई, न्हाई! अजाबात हलवू नगासा! पडलेल्या मान्साला हलवायचं नसतं. तसंच ऱ्हाऊ द्या." आणि फोन ठेवला.

दोन वाजून पाच मिनिटांनी मी उठलो तेव्हा बायको भारावलेली होती. "एवडी वर्सं झाली, पन तुमच्या पडन्याची काळजी करनारा पैला गिऱ्हाईक आज भेटला. उटवू का म्हनलं तर म्हनतोय कसा, हलवू नगा. शिका जरा." मीही खूश झालो. वहीत व्यत्ययाच्या रकान्यात लिहिलं: "फोन एक. गिऱ्हाईक समजूतदार."

समजूतदार गिऱ्हाईक तोवर वडापच्या जीपमध्ये बसलं होतं.

संध्याकाळी सहाला मामा दुकानात आले. एका हातात दोन शहाळी, दुसऱ्या हातात रिकामं पोतं. मी यंत्रावर वाकून दुसऱ्याच एका मोटारीचं काम करत होतो. ते दारातच थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. आधी डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या.

"कंचा डोळा?" त्यांनी विचारलं.

"कसला डोळा?"

"लागलेला."

मग उलगडा व्हायला दहा मिनिटं लागली. बायको मध्येच तोंडाला पदर लावून आत गेली आणि आतून तिचं हसणं ऐकू यायला लागलं. मामा हसले नाहीत. त्यांनी शहाळी टेबलावर ठेवली.

"मंग पडला हुता म्हंजे काय?"

"म्हणजे... पडलो होतो. जरा पाठ टेकली होती."

"झोपला हुता म्हना की सरळ!"

बावीस वर्षांत हा शब्द माझ्या तोंडावर कुणी वापरला नव्हता.

"झोपला हुता म्हनलं आस्तं तर मी मेंढरं सोडून कशाला आलो आस्तो? मला वाटलं, मालक आंधळं झालं, आता मोटार कोन भरनार. हे पोतं मोटार माघारी न्यायला आनलंय. म्हनलं दुसरीकडं टाकू. आन मानूस पडलाय तर बगून बी जाऊ." ते खाली बसले. "बगायला आलो आन भांडायला बी. आता काय करू सांगा."

ब्याण्णव किलोमीटर, दोन गाड्या बदलून. मी नंतर विचारून घेतलं. रागाचा माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. हा माणूस शहाळी घेऊन आला होता. आणि त्यांची मोटार कोपऱ्यात होती, जळकी तार काढून मोकळी केलेली, नवीन तारेचा एकही टर्न न भरलेली. ते त्यांनी बघितलं.

मी म्हटलं, "उद्या दुसरं काही हातात घेत नाही. उद्या सकाळपासून फक्त तुमची मोटार. आणि उद्या मी पडणारसुद्धा नाही."

"मी हितंच बसतो," ते म्हणाले. मिरजेत त्यांची बहीण होती. मुक्काम तिच्याकडे, आणि सकाळी दुकान उघडायच्या आत ते पायरीवर हजर.

तोवर माझ्या पडण्याची बातमी जीपमधून जत तालुक्यात पसरली होती. मंगळवारची संध्याकाळ आणि बुधवारची सकाळ मिळून नऊ फोन आले. एकाच्या मते मी शिडीवरून पडलो होतो, एकाच्या मते विजेच्या खांबावरून. एका जुन्या गिऱ्हाइकानं तर उजवा डोळा गेला असं धरूनच सांत्वन केलं, "एका डोळ्यानं बी मोटार भरता येती, मालक. हिंमत सोडू नगा." प्रत्येकाला मला सांगावं लागलं की मी फक्त पडलो होतो. प्रत्येक जण म्हणाला, "तेच ऐकलंय."

बुधवारी सकाळी आठला मी त्या मोटारीला बसलो. खाचा साफ करून त्यांत कागद घालण्यातच पावणेअकरा वाजले. अठरा कॉईल, प्रत्येकात चव्वेचाळीस टर्न. मोठ्यानं मोजत सुरुवात केली. मामा माझ्यासमोर स्टुलावर. त्यांचे ओठही हलत होते. मला वाटलं, देवाचं काही म्हणत असतील. एक वाजेपर्यंत नऊ कॉईल झाल्या. मधूनमधून माणसं येऊन डोळा बघून जात होती, नाही तर अकरा झाल्या असत्या. जेवलो. डबा बायकोनं तिघांचा आणला होता. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, दही. दही खायला नको होतं.

एक वाजून चाळीस मिनिटांनी बायको म्हणाली, "पडा की पंचवीस मिन्टं."

"आज नाही."

"पडा वो. तुमास्नी माहीताय."

"सांगितलं ना, नाही." हे मी मामांना ऐकू जाईल असं म्हणालो.

दहावी कॉईल भरली. अकरावी. बाहेर ऊन पत्र्यावर तापत होतं, चहावाला कलंडला होता, गल्लीत नेहमीचे पाच आवाज सुरू झाले होते. माझा सहावा त्यात मिसळायचा असतो. मी डोळे ताणून मोजत होतो. बारावी झाली. तेरावी झाली. माझा आवाज मला छान खणखणीत ऐकू येत होता. चव्वेचाळीस म्हणून तार तोडली आणि मामा म्हणाले, "मालक, तेहतीस दोनदा झालं."

"काय?"

"तुमी तेहतीस म्हनला, मंग परत तेहतीस म्हनला. मंग चौतीस."

मी म्हटलं, "मामा, बावीस वर्षं मोजतोय."

"व्हय. पर मी बी मोजत हुतो. कानडीत." म्हणजे ते ओठ. त्यांच्या शिवेवरच्या गावात घरात अर्धं बोलणं कानडी, आणि मेंढरं ते लहानपणापासून कानडीतच मोजत आले. "तुमचं दुसरं तेहतीस आलं तवा माजं मूवत्तनाल्कु झालं हुतं. चौतीस. माजी चाळीस मेंढरं मी रोज मोजतो. एकाचा फरक कळतो मला."

बायको सुई घेऊन आली. कॉईलच्या तारा मोकळ्या करून तिनं एकेक मोजली. पंचेचाळीस.

एका टर्ननं मोटार लगेच जळत नाही, हे खरं आहे, आणि मी ते म्हणालोही. बायको म्हणाली, "मागच्या तीन बी बगू." दहावी बरोबर होती. अकरावी बरोबर होती. बारावी मोजायला लागली तेव्हा मी तिच्या बोटांकडे बघत होतो. एक्केचाळीस.

तीन कमी. आकडे तोंडानं बरोबर म्हटले होते, म्हणून मामांच्या कानालाही कळलं नव्हतं; हे तीन कुठे गेले ते मला आजही माहीत नाही. ती कॉईल तशीच बसली असती तर मोटार शनिवारच्या आत घुमायला लागली असती, तापली असती आणि ओढ्याला पाणी असताना दुसऱ्यांदा जळाली असती. आणि मी तेव्हाही म्हणालो असतो की व्होल्टेज कमी असेल. हे मी म्हणालो असतो याची मला खात्री आहे, कारण पूर्वी म्हणालेलो आहे. ज्या दिवशी काउंटर चुकला असं मी सांगतो, त्या दिवशीही दुपारी मला पडायला मिळालं नव्हतं. वहीत आहे. हा संबंध मला त्या स्टुलासमोर उभं राहून पहिल्यांदा लागला.

मामांनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

"झोपा तुमी."

"मामा, पाणी..."

"पानी सुक्रवारपतोर सुटनार, ओढ्यात शनवारपतोर ऱ्हातंय. तुमी आता ह्या डोळ्यानं भरली तर मोटारच न्हाई ऱ्हायची. तुमी तोंडानं मोजताय. तोंड सवयीनं चालतं, मानूस झोपला तरी. झोपा. पंचवीस मिन्टं म्हनता न्हवं? पाटीवर हाय. मी बसतो दारात."

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी मी कॉटवर गेलो. लाज, दही आणि पंखा. मला वाटलं होतं, आज काही डोळा लागणार नाही. पाठ टेकेपर्यंत तेवढंच वाटलं.

मध्ये कधी तरी बाहेर कुणी तरी आलं. अर्धवट ऐकू आलं.

"मालक पडल्यात म्हनं? लय लागलंय का?"

"पडलं न्हाईत," मामांचा आवाज, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "झोपल्यात. घोरत्यात बगा."

मला उठून काही तरी सांगायचं होतं. तेवढ्यात परत काही कळेना.

जाग आली तेव्हा तीन वाजून सोळा मिनिटं झाली होती. एक्केचाळीस मिनिटं. कॉईलीतले टर्न आणि माझी झोप, दोन्ही एकाच आकड्यावर आले होते. मी ओरडतच बाहेर आलो, "उठवायचं नाही का?"

मामा दारात बसून होते. "वैनीनी इचारलं, उटवू का म्हनून. मी म्हनलं, अजाबात हलवू नगा."

या वेळी तेही हसले.

त्यानंतर मी त्या दोन कॉईल फेकल्या आणि एकूण सात नव्यानं भरल्या. तोंड बंद ठेवून. सहा वाजता तार खाचांमध्ये बसली, सातपर्यंत बायकोनं बांधणी केली, वार्निश दिलं आणि रात्रभर दोन मोठ्या बल्बांखाली ठेवून वाळवलं. गुरुवारी सकाळी मोटार जोडून तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरनं बघितला. तीन पॉइंट दोन, तीन पॉइंट दोन, तीन पॉइंट तीन. मी मामांना आकडे दाखवले. त्यांनी मोटारीवर हात ठेवून आवाज ऐकला आणि म्हणाले, "घुमत न्हाई." एवढं बघून मोटार पोत्यात घातली आणि दहाची गाडी धरली. शहाळी आम्ही प्यायलो होतो. दोन्ही मीच, रुग्ण म्हणून.

शुक्रवारी मी चहावाल्यासमोर, दिवसाउजेडी, वहीच्या पहिल्या पानावर "पडलो" हा शब्द खोडला आणि वर "झोपलो" लिहिलं. तो म्हणाला, "हे आमी बी करायचं का आता?" मी म्हटलं, ज्याची त्याची मर्जी. तो अजून कलंडतोच. बायकोनं मात्र फोनवरचं उत्तर बदललं. "झोपल्यात," सांगते. पलीकडून माणसं बरं म्हणून ठेवतात. अजून तरी शहाळी घेऊन कुणी आलेलं नाही.

शनिवारी दुपारी मी उठून चूळ भरत होतो तेवढ्यात फोन वाजला. घड्याळात दोन वाजून सहा.

"उटला का?" मामा. मागे पाण्याचा आणि मेंढरांचा आवाज. "दीड वाजल्यापास्नं थांबलोय. पाटीवर दोन पाच हाय, म्हनून आनखी एक मिनिट थांबलो."

"पाणी?"

"पोचलं. शेवटच्या सरीपतोर. ओढ्याचं आता कमी व्हाया लागलंय, पर समद्या झाडास्नी मिळालं."

मला इतकं बरं वाटलं की ते कसं बोलून दाखवावं हे सुचेना. मी म्हटलं, "समद्या म्हणजे किती?"

"मालक, आता झाडं बी मोजनार?" मामा म्हणाले. "आज झोप निम्मीच झाली वाटतं. झोपा जरा आनखी."